बारशाआधी गेलेली मुलं

संपादकांनी लेख मागताना एक आकडाही मागितला: सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्याचा बालमृत्यू दर. सोनहिरा खोऱ्यातल्या वाचकाला आपल्या गावाकडचा आकडा हवा असणं मी समजू शकते. पण सर्वेक्षणातून असा आकडा निघत नाही, आणि कुणी काढून दिला तर त्यावर विसंबू नये.

2019 मध्ये राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 31,643 घरांची माहिती घेतली गेली. म्हणजे जिल्ह्याला सरासरी नऊशेच्या आसपास घरं. समजा, त्या घरांत पाच वर्षांत 250 मुलं जन्मली आणि त्यांतली पाच वर्षभराच्या आत दगावली. दर आला हजारी 20. पण इतक्या थोड्या मृत्यूंवरून काढलेला दर योगायोगानेच खाली-वर होतो. खरा दर 6 ते 47 यांत कुठेही असू शकतो. म्हणूनच त्या सर्वेक्षणाच्या जिल्हावार पत्रकांत हा दर छापत नाहीत. तालुका तर फार पुढची गोष्ट.

मला मात्र नमुन्याच्या आकारापेक्षा दुसरीच काळजी असते. ते पाच मृत्यू सगळे सांगितले गेले का? दोन राहून गेले तर दर 20 वरून 12 वर येतो आणि जिल्ह्याने प्रगती केल्यासारखी दिसते. राहून जातात ती बहुधा पहिल्या आठवड्यातली मुलं. पाचवी पुजायच्या आत गेलेलं, नाव न ठेवलेलं मूल सासूबाई समोर बसलेल्या असताना कोण मोजून दाखवेल? म्हणून प्रश्नावलीत वेगळं विचारावं लागतं: जन्मल्यावर रडलं, हाललं, पण जगलं नाही, असं एखादं मूल होतं का? हा प्रश्न घाईत उरकला की ते मूल एक तर मृतजन्मात जातं किंवा कुठेच जात नाही.

वयाचाही असाच घोळ. ‘वर्षाचं होऊन गेलं’ असं आई म्हणते आणि कागदावर 12 महिने पडतात. अर्भकमृत्यू मोजतात बारा महिने पूर्ण होण्याआधीचे. दहाव्या-अकराव्या महिन्यात गेलेलं मूल असं त्या दरातून निसटतं. दोन वर्षांखालचं वय महिन्यांत आणि महिन्याखालचं दिवसांत लिहायचं, असा नियम त्यासाठीच आहे. सर्वेक्षणाची माहिती तपासताना मी आधी 12 या आकड्यावर गर्दी झाली आहे का ते बघते. मग जन्मवर्षं. पाच वर्षांच्या आतल्या मुलांसाठी लसी, स्तनपान, जुलाब असे लांबलचक प्रश्न असतात. थकलेला प्रगणक मुलाचा जन्म थोडा मागे ढकलतो आणि सुटतो. सहाव्या वर्षात जन्म फुगलेले आणि पाचव्यात खचलेले दिसले की कारण कळतं.

तारीख आठवायला गावच्या घटना कामी येतात. पण कडेगावात ‘ताबुतांच्या वेळी’ एवढं उत्तर पुरत नाही, कारण मोहरम दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. 2019 चा महापूर ऑगस्टमधला, त्या सालचे ताबूत सप्टेंबरातले. प्रगणकाच्या हाती असा वर्षवार तक्ता हवा.

मुलींच्या बाबतीत परदेशी पाठ्यपुस्तकांचं शहाणपण आपल्याकडे जसंच्या तसं लागू पडत नाही. मुलींचे जन्म कमी दिसले तर त्या सांगायच्या राहिल्या, असं ती पुस्तकं शिकवतात. 2011 च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे 867 मुली होत्या. इथे त्या विसरल्या गेल्या नव्हत्या, जन्मूच दिल्या नव्हत्या. गणितातली चूक शोधताना समाजातला गुन्हा हाती लागतो, तेव्हा फार थकायला होतं.

दरवर्षी विचारला जाणारा प्रश्न वेगळाच असतो: कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्राचा अर्भकमृत्यू दर 23 आणि नमुना नोंदणी पद्धतीत 2019 चा 17, मग खोटं कोण? कुणीच नाही. पहिला आकडा मागच्या पाच वर्षांची सरासरी आहे, दुसरा एका वर्षाचा. नमुना नोंदणीतच 2017 चा दर 19 होता. बराचसा फरक तिथेच मिटतो. उरलेल्यावर आम्ही भांडतो. माझं मत असं की जास्त आलेला आकडा नेहमी वाईट नसतो. पहिल्या महिन्यातले मृत्यू नीट विचारले की दर वाढतो. या फेरीत 23 पैकी 16 ते 17 मृत्यू पहिल्या महिन्यातले आहेत, हे मला नोंद बरी झाल्याचं लक्षण वाटतं. वर्तमानपत्रं मात्र वाढलेल्या आकड्याला अपयश म्हणतात, आणि मग खालची माणसं कमी आकडा देण्यातच शहाणपण मानतात. गडचिरोलीच्या डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांनी 2001 च्या ‘कोवळी पानगळ’ या अहवालात दाखवलं ते हेच: सरकारी दप्तरात बालमृत्यू कमी, घरोघरी विचारलं तर कितीतरी जास्त.

आणि मूल गेल्यावर आईही गेली असेल, तर त्या मुलाबद्दल विचारणार कुणाला? गळितासाठी वांगीच्या कारखान्यावर आलेल्या ऊसतोड बाईची कोपी घरांच्या यादीतच नसते. हे मृत्यू कुठल्याही तपासणीत सापडत नाहीत.

वाचकांना एवढीच विनंती. सर्वेक्षणाची मुलगी दारात आली तर तिला बसायला जागा द्या, सुनेला तिच्याशी एकटीने बोलू द्या, आणि गेलेल्या मुलाचं वय महिन्यांत, दिवसांत आठवून सांगा.