निरगाठी आणि सुरगाठी

ओढली असता सुटते ती सुरगाठ आणि ओढली असता अधिकच आवळत जाते ती निरगाठ, हा भेद मराठी मुलास अक्षरओळखीच्याही आधी कळतो. पहिली नाडीला मारावयाची असते आणि दुसरी, नको त्या घाईच्या वेळी, त्याच नाडीला आपोआप बसते. माझे अर्धेअधिक आयुष्य या दुसऱ्या जातीच्या सहवासात गेले. कृत्रिम माशीने ट्राऊट धरण्याची जी विद्या इंग्रजांनी हिमालयाच्या पायथ्याशी आणून रुजवली, ती आरंभी छंद म्हणून आणि पुढे चरितार्थ म्हणून मी पत्करली, आणि त्या विद्येतील काठी, रीळ, पिसे, पाणी या साऱ्या देखण्या विषयांना वगळून संपादकांनी मला लिहावयास सांगितले ते गाठींवर, याबद्दल मी त्यांचा मनःपूर्वक ऋणी आहे.

हिमाचलातील नद्यांवर ट्राऊट धरण्यास नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर सरकारी मनाई असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ होय. ही मनाई दिवाळीच्या सुमारासच अमलात येत असल्यामुळे, तीर्थनच्या काठी हंगामभर नवख्यांना दोरी फेकावयास शिकवून मी पुण्यास परततो तेव्हा घरात फराळाची तळणी आणि माझ्या टेबलावर सात-आठ रिळांची चिरफाड अशा दोन मोहिमा एकाच वेळी चालू असतात. “अहो, चिवड्यात पुन्हा केस निघाला,” अशी तक्रार स्वयंपाकघरातून येते. तो केस नसून इंचाच्या सहा सहस्रांश जाडीचा नायलॉनचा तुकडा आहे, या खुलाशाने पक्षकाराचे समाधान होत नाही, हे मी अनुभवाने शिकलो आहे.

ज्यांनी कोळ्याचा गळ पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे, की तेथे शिशाचे वजन पुढे झेपावते आणि दोरी त्याच्या मागे निमूटपणे जाते. आमच्या विद्येत हा शिरस्ता उलटा आहे. माशी म्हणजे आकड्यावर बांधलेली चिमूटभर पिसे. तिला स्वतःचे वजन असे नसतेच, म्हणून वजन दोरीलाच द्यावे लागते. प्लास्टिकचे कवच असलेली सुमारे ९० फुटांची ही जाड दोरी. तिच्या मागे, रिळाच्या पोटात, डॅक्रॉनचे बारीक सूत, ज्याला बॅकिंग म्हणतात. पुढे नऊएक फुटांचा, टोकाकडे निमुळता होत जाणारा नायलॉनचा लीडर. त्यापुढे केसासारखा टिपेट. आणि शेवटी माशी. द्रव्य वेगळे, जाडी वेगळी, स्वभाव वेगळा, अशा या मंडळींना एका सूत्रात आणावयाचे तर रिळाच्या आसापासून माशीच्या डोळ्यापर्यंत पाच सांधे अपरिहार्य आहेत.

नवखा शिष्य माझ्याकडे येतो तो सर्वांत मजबूत गाठ कोणती हे विचारीत येतो, आणि मी त्याला प्रथम हेच विचारतो की दोरी तुटावयाचीच असेल तर ती कोठे तुटावी अशी तुझी इच्छा आहे. बॅकिंग बहुधा २० पौंडांचा ताण सोसते, दोरीचा गाभाही साधारण तेवढा किंवा अधिक, आणि बारीक टिपेट जेमतेम चार-पाच पौंडांचा. हा उतरता क्रम गाठींनीही पाळला पाहिजे. मासा टिपेट तोडून गेला तर माझी एक माशी आणि त्याच्या ओठातील एक काटा एवढ्यावर मामला मिटतो. परंतु मागची एखादी गाठ कच्ची राहून ती सुटली, तर बिचारा सारी दोरी ओढीत खडकांत शिरतो आणि तेथे अडकून मरतो. तेव्हा दुबळेपणा कोठे असावा याची तजवीज आधी करावी, आणि मग गाठीचे नाव काढावे.

या गाठींचा इतिहास द्रव्याच्या इतिहासाला बांधलेला आहे. नायलॉनची घोषणा १९३८ साली झाली. त्यापूर्वी लीडर होत असे तो रेशमाच्या किड्याच्या आतड्याचा, निदान नाव तरी ‘गट’ असेच होते. वस्तुतः कोश विणावयास सिद्ध झालेल्या किड्याला शिरक्यात भिजवून त्याच्या रेशीमग्रंथी ताणून हे तंतू काढीत, आणि स्पेनमधील मुर्सिया प्रांत या धंद्याचे माहेरघर होता. एका किड्यापासून फूट-सव्वा फुटाचाच तंतू मिळे, म्हणून लीडर म्हणजे गाठींची माळच असे. तो कोरडा असता काचेसारखा ठिसूळ, म्हणून बांधण्यापूर्वी भिजवावा लागे. जुने शौकीन ओल्या फेल्टच्या घड्या घातलेली चपटी डबी खिशात बाळगीत. तंतू अधिक बारीक हवा तर तो धातूच्या भोकांतून ओढीत, आणि जितक्यांदा ओढला तितके ‘एक्स’ त्याला लागत. किडा गेला, भोकेही गेली, परंतु ती वहिवाट आजच्या नायलॉनच्या वेष्टनावर तशीच आहे: अकरातून एक्सचा अंक वजा केला की इंचाच्या सहस्रांशात जाडी मिळते. पाच एक्स म्हणजे सहा सहस्रांश. आमच्या चिवड्यातला तो हाच.

रिळाच्या आसाला बॅकिंग बांधणाऱ्या गाठीविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. दोन साध्या गाठी एकीवर एक. मासा तेथवर पोहोचला तर गाठीपेक्षा नशिबाचा विचार करावा. बॅकिंग आणि दोरी यांच्या सांध्यासाठी मी नेल नॉट मारतो. खिळ्याच्या अगर बारीक नळीच्या आधाराने दोरीभोवती सहा-सात वेढे द्यावयाचे, टोक त्यांच्याखालून काढावयाचे आणि आधार ओढून घेऊन वेढे आवळावयाचे, की ते दोरीच्या मऊ कवचात रुततात आणि गाठ एखाद्या अंगठीसारखी बसते.

खरा विचार लागतो तो दोरी आणि लीडर यांच्या सांध्याला. फेकीचा वेग दोरीतून लीडरमध्ये उतरावयाचा तो येथूनच. सांधा बिजागरीसारखा लुळा पडला तर वेग तेथेच मरतो आणि लीडर पाण्यावर शेवयांसारखा गोळा होऊन पडतो. आजकाल दोरीच्या टोकाला कारखान्यातच फास करून येतो, लीडरलाही फास असतो, आणि दोन फास एकमेकांत गुंतवले की झाले. सोय निर्विवाद आहे. मात्र ते गुंतवताना दोन हातांची बोटे परस्परांत अडकावीत तसे बसले पाहिजेत. खुंट्याला दावे अडकवावे तसा एक फास दुसऱ्याच्या मानेवर बसला, तर तो हळूहळू कवच कापीत जातो.

या सोयीची किंमत मी एकदा रोख मोजली आहे. काठी नऊ फुटांची, लीडर बारा फुटांचा, आणि फास माझ्याच हातचा, हौसेने दुहेरी गाठ मारून चांगला वाटाण्याएवढा केलेला. सायंकाळी एक ब्राऊन ट्राऊट, माझ्या त्या वर्षीच्या हिशेबात सर्वांत मोठा, दमून जाळ्याजवळ आला. लीडर काठीहून लांब असला की मासा जवळ घेताना सांधा काठीच्या शेंड्याच्या कडीतून आत घ्यावाच लागतो. तसा मी घेतला. जाळे पाहताच माशाने शेवटची धाव मारली, दोरी सुटू लागली, आणि माझा तो सुप्रतिष्ठित फास कडीत येऊन बसला तो हलेना. टिपेट तुटला. माझ्या सिद्धान्ताप्रमाणे दोरी अगदी योग्य ठिकाणी तुटली होती. गुन्हा मात्र बारा फूट मागे घडला होता. त्या दिवसापासून लांब लीडरसाठी मी फास कापून टाकतो, नेल नॉटच मारतो आणि वर गोंदाचा पातळ थर देऊन ती निमुळती करतो. शक्तीइतकाच गाठीचा आकार महत्त्वाचा, हे पुस्तकात मी पूर्वीही वाचले होते.

लीडर आणि टिपेट यांच्यासाठी दोन गाठींचे दोन पक्ष आहेत. ब्लड नॉट या भयंकर नावाची गाठ पाहावयास मात्र अत्यंत सालस: दोन तंतू एकमेकांभोवती पाच-पाच पीळ घालून दोन्ही टोके मधल्या एकाच खिडकीतून उलट दिशांनी बाहेर काढावयाची. सरळ, सुबक, कडीतून बिनबोभाट जाणारी. परंतु दोन तंतूंच्या जाडीत फार तफावत असली तर ती रुसते. सर्जन्स नॉटला हा कुलाभिमान नाही. दोन्ही तंतू जोडीने धरून साधी गाठ मारावयाची, फक्त टोके फासातून दोन-तीनदा न्यावयाची. ती बेढब दिसते, किंचित वाकडी बसते, पण तिन्हीसांजेला, थंड पाण्याने बोटे बधिर झाली असता, ती मारता येते. घरी टेबलावर मी ब्लड नॉटचा उपासक आहे; नदीवर सर्जन्स नॉटचा.

माशीची गाठ हा मुळात आकड्याच्या डोळ्याचा प्रश्न. जुन्या आकड्यांना डोळाच नसे. गटचा तुकडा माशीबरोबरच बांधून येई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डोळ्याचे आकडे प्रचारात आले तेव्हा गाठीची गरज निर्माण झाली, आणि हॅम्पशायरच्या मेजर टर्ल यांच्या नावाची गाठ लोकप्रिय झाली. ती डोळ्यातून जाऊन माशीच्या मानेला मिठी मारते, त्यामुळे वरवळत्या डोळ्याची माशी टिपेटच्या सरळ रेषेत राहते. तरंगत्या माशीसाठी मी अजून तीच वापरतो. बाकी कामाला इम्प्रूव्ह्ड क्लिंच. डोळ्यातून काढलेल्या टोकाचे पाच पीळ, मग डोळ्याजवळच्या छोट्या फासातून, मग मोठ्या फासातून. छोट्या मासोळीसारखी दिसणारी माशी पाण्यात हलती ठेवावयाची असेल तर मात्र गाठ तिला आवळणारी नको. तेथे न सरकणारा, मोकळा फासच हवा.

कोणतीही गाठ आवळण्यापूर्वी ओली करावी, थुंकी पुरते. कोरडे नायलॉन घाईने ओढले की घर्षणाने तापते आणि गाठीच्या आतच दुबळे होते, हे डोळ्यांना दिसत नाही. मासा तोडून गेला की मी शिष्यास हळहळू देत नाही. आधी तुटलेल्या टोकाचा पंचनामा करावयास लावतो. टोक डुकराच्या शेपटीसारखे कुरळे असेल तर गाठ सरकून सुटली. खरबरीत असेल तर दगडाने घासले. आणि मधेच कोठे तुटले असेल तर बहुधा वाऱ्याच्या नावावर खपणारी, वस्तुतः आपल्याच फेकीतील दोषाने पडणारी ती साधी गाठ, जी तंतूची ताकद जवळजवळ निम्मी करते. पहिल्या प्रकारातील आरोपी सामान्यतः फिर्यादी स्वतःच असतो.

गेल्या वर्षी आकाशकंदिलाची दोरी मी बांधली होती. गॅलरीच्या कडीला क्लिंच, पाच पीळ, रीतसर थुंकी लावून आवळलेली. तुळशीच्या लग्नानंतर कंदील उतरवावयास गेलो, ती सुटेना. शेवटी चिवड्याच्या पिशवीवरची कात्री आणावी लागली. यंदा ते खाते सौभाग्यवतींनी आपल्याकडे घेतले असून त्यांनी सुरगाठ मारली आहे.