स्क्रू घट्ट, पण चकती सैल

कुकरचं हँडल हलायला लागलं की आपण काय करतो? सुरीच्या टोकानं स्क्रू पिळतो आणि कामाला लागतो. चार दिवसांनी ते पुन्हा हलतं. पुन्हा सुरी! हा अनुभव कुठल्या गृहिणीला नाही? पण ही स्वयंपाकघरातली अक्कल कॅनडाच्या बर्फात कामी येईल, हे मात्र माझ्या स्वप्नातही नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात मी कॅलगरीला लेकीकडे होते. तिथून बॅन्फचे डोंगर गाडीनं दीड-एक तासावर. रविवार उजाडला की आमची चौदा वर्षांची नात स्नोबोर्ड घेऊन तिकडे निघायची. स्नोबोर्ड म्हणजे एकच रुंद फळी. तिच्यावर आडवं उभं राहून बर्फावरून घसरत यायचं. पाय फळीला धरून ठेवतात त्या खोगिरासारख्या साच्यांना बाइंडिंग म्हणतात. स्कीचं बाइंडिंग माणूस जोरात पडला की सुटतं. स्नोबोर्डचं तसं सुटत नाही, पाय अडकलेलाच राहतो. म्हणून ते जागच्या जागी पक्कं असणं फार महत्त्वाचं.

या खेळाची सुरुवात एका बापानं केली, हे ऐकून मला गंमत वाटली. १९६५ सालच्या नाताळात अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये शर्मन पॉपेन यांनी मुलींसाठी दोन स्की एकत्र जोडल्या. त्या खेळण्याला ‘स्नर्फर’ हे नाव त्यांच्या पत्नीनं दिलं. तेव्हा बाइंडिंग नव्हतं, नुसती धरायला दोरी होती. पुढे पाय बांधले गेले आणि १९९८ साली जपानमधल्या नागानोला हा खेळ हिवाळी ऑलिंपिकमध्येही गेला.

तर एका रविवारी आमची नात लंगडत घरी आली. उतारावर मागच्या पायाचं बाइंडिंग एकदम फिरलं, पाऊल एकीकडे आणि फळी दुसरीकडे! गुडघा सुजला होता. लेक म्हणाली, “पुरे झालं, बोर्ड विकून टाकायचा.” जावई म्हणाले, “स्क्रू नीट आवळत नाही ती. धांदरट आहे.” पोरगी रडकुंडीला आली. “आजी, मी घट्ट केले होते गं. खरंच केले होते.”

मला तिचं खरं वाटलं. गुडघ्यापेक्षा तिला ‘धांदरट’ हा शब्द जास्त लागला होता. मी जावयांना म्हटलं, “विकायचा तर विका, पण आधी बघू तरी.”

बाइंडिंगची रचना समजून घेतली तेव्हा कळलं, हे तर आपल्या ओळखीचंच! मधोमध एक गोल चकती. चकतीच्या कडेला बारीक दाते, ते खालच्या प्लेटच्या दात्यांत बसतात. आपल्याला हवा तितका पायाचा कोन लावायचा आणि चार स्क्रू आवळून चकती फळीवर दाबून धरायची. दाते एकमेकांत रुतले की बाइंडिंग फिरत नाही. चकती किंचित जरी उचलली गेली, तरी दाते एकमेकांवरून घसरतात.

पहिला संशय बर्फावर. चकती काढली तर दात्यांत चिखल आणि पाणी. घरात वितळलेलं पाणी गाडीत, डोंगरावर पुन्हा गोठतं आणि चकतीला वर उचलतं. जुन्या दातांच्या ब्रशानं सगळं घासलं, कोरडं केलं आणि पुन्हा बसवलं. घरात हातानं हलवून पाहिलं, जागचं ढिम्म हललं नाही. गुडघा बरा झाल्यावर नात गेली. दुपारी फोन, “आजी, परत फिरलं!” बरं, या वेळी ती पडली नव्हती.

घरात नीट आणि डोंगरावर बिघडतं! मी म्हटलं, “ताप अंगात असतानाच डॉक्टरला दाखवावं. बोर्ड रात्रभर बाहेर ठेवा.” त्या रात्री उणे अठरा होतं. सकाळी परसात जाऊन पाहिलं, तर स्क्रू चारही घट्ट, पण चकती बोटानं खुळखुळत होती.

तेव्हा मला कुकर आठवला. हँडलचा स्क्रू हरवला म्हणून एकदा दुसरा, थोडा लांब स्क्रू घातला होता. तो भोकाच्या तळाला टेकायचा. हाताला वाटायचं पक्का बसला, हँडल मात्र हलायचं. इथेही तेच! बोर्ड जुना घेतलेला, स्क्रू कुणीतरी बदललेले. ते तळाला टेकून अडत होते, चकतीवर त्यांचा दाब जेमतेम होता. थंडीत प्लॅस्टिक पोलादापेक्षा जास्त आकसतं. चकती आकसली आणि तो जेमतेम दाबही गेला. उबेत सगळं ठीक, थंडीत सैल!

जावयांनी त्याच जाडीचे, योग्य लांबीचे स्क्रू आणि वायसर आणले. मी माझी लाल नेलपॉलिश काढली आणि चकतीपासून प्लेटवर एक बारीक रेघ ओढली. रेघ मोडली की बाइंडिंग फिरलं, हे लांबूनच दिसावं.

ज्यांच्या घरात, नात्यात कुणी हा खेळ खेळतं, त्यांनी एवढं लक्षात ठेवावं. स्क्रू फुलीच्या मोठ्या, तीन नंबरच्या पेचकसानंच आवळावेत, लहान पेचकसानं डोकं घासतं. एकदम एक पिळू नये, समोरासमोरचे थोडे थोडे आवळावेत. अतोनात जोर लावला तर फळीतले आटे उपटतात. गरम पाणी ओतू नये, ते पुन्हा गोठतं. स्क्रू पक्के करणारं औषध प्लॅस्टिकला लागू देऊ नये, काही प्लॅस्टिकला त्यानं तडे जातात. पट्टा घसरत असेल, तर त्याच्या खटक्यातला बर्फ आधी काढावा आणि दाते झिजलेले असतील तर पट्टी बदलावी. आणि पहिला उतार संपला की तिथल्या थंडीतच स्क्रू एकदा तपासावेत.

पुढच्या रविवारी पेचकस खिशात घालून जावई स्वतः तिच्याबरोबर गेले. पहिल्या उतारानंतर स्क्रू पाव आटा आवळावे लागले, पण रेघ होती तिथेच होती. संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी मुलीचे बूट स्वतः पुसले आणि हीटरजवळ वाळत ठेवले. “तू बरोबर सांगत होतीस,” एवढंच म्हणाले. नात काही बोलली नाही. पण त्या रात्री दोन पोळ्या जास्त खाल्ल्या तिनं!