नोरा आणि आपल्या गावची ताराबाई

बुलढाणा,
श्रावणातला रविवार

चि. सई,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, तक्रारच ती! तिकडे इब्सेनच्या नाटकातली नोरा नवऱ्याचं दार लावून घराबाहेर पडली, अख्खा युरोप हादरला आणि आपल्याकडच्या बायका मात्र जात्यावर ओव्या म्हणत बसल्या होत्या, असं तुझं म्हणणं. ओव्यांना नावं ठेवू नकोस, त्यांतही सासरचे वाभाडे पुष्कळ आहेत. पण ते असो.

इब्सेनचं नाटक १८७९ च्या डिसेंबरातलं. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८८२ साली, पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात एक लहानसं पुस्तक छापलं गेलं, 'स्त्रीपुरुष तुलना'. प्रती ५००, किंमत नऊ आणे. लिहिणारी ताराबाई शिंदे. राजूर घाट चढून तू दर दिवाळीला ज्या गावात येतेस, त्याच गावची. वडील बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क, सत्यशोधक समाजातले. पोरीला त्यांनीच शिकवलं, इंग्रजीसुद्धा. नवरा घरजावई. इब्सेन तेव्हा इंग्लंडातच फारसा कुणी वाचलेला नव्हता, तेव्हा उसनवारीचा प्रश्नच नको.

पुस्तकाला निमित्त झालं सुरतेच्या एका खटल्याचं. विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेनं लोकलाजेपायी आपलं तान्हं मारलं, १८८१ साली तिला फाशीची शिक्षा झाली. अपिलात फाशी टळली. पण वर्तमानपत्रांना तेवढं पुरे होतं, त्यांनी समस्त बायकांच्या वागणुकीवर तोंडसुख घेतलं. विजयालक्ष्मी ताराबाईंच्या ना जातीची, ना गावची. तरी मराठ्यांच्या पडद्यातली ही बाई तिच्यासाठी पदर खोचून उभी राहिली.

तुझ्या अभ्यासाला लागेल ते पुढेच आहे. ताराबाई नुसत्या चिडत नाहीत, त्या वाचतात. 'मनोरमा' नाटक, 'मुक्तामाला' कादंबरी यांत पुरुषांनी रंगवलेल्या बायका त्या उलटून-पालटून बघतात. बायकांना संशयाचा भोवरा ठरवणारा संस्कृत श्लोक घेतात आणि त्यातला एकेक दोष पुरुषांच्या पदरात टाकतात, तोही वऱ्हाडातल्या भांडणासारखा, समोरच्याला श्वास न घेऊ देता. नोराच्या तोंडी बोलणं घातलं एका पुरुषानं. चांगलंच घातलं, वाद नाही. पण पोरं टाकून जाणारी बाई मी करणार नाही असं जर्मनीतल्या नटीनं म्हटल्यावर त्यानंच दुसरा शेवट लिहून दिला, त्यात नोरा पोरांच्या खोलीच्या दाराशी कोसळते. पुढे तोच त्या शेवटाला रानटीपणा म्हणायचा! ताराबाईंना शेवट बदलायला कुणी सांगितलंच नाही. त्यांचं पुस्तकच दिसेनासं झालं. जोतीराव फुल्यांनी १८८५ च्या 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली, तरीही त्यांचं दुसरं पुस्तक आलं नाही. १९७५ साली स. गं. मालशांनी 'स्त्रीपुरुष तुलना' पुन्हा छापलं, म्हणजे ९३ वर्षांनी. तोवर नोरा जगभर फिरून आली होती. मला जास्त राग याचा येतो.

गेल्या महिन्यात आपल्या गल्लीतल्या बचत गटात ताराबाईंच्या पुस्तकातली काही पानं वाचून दाखवली. बायका तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. बायको गेल्यावर लगेच दुसरीला बोहल्यावर चढवणाऱ्या पुरुषांना ताराबाई झोडपतात, तिथवर आले आणि सगळ्यांचे हात सुपातच थांबले. मागून एक आजी म्हणाल्या, "बाई, हे तं आपल्याच गावचं हाये नं? मंग मह्या लग्नाच्या आंधी काहून नाही वाचून दाखोलं कोनं?"

त्याच आजी माझी झेरॉक्स घेऊन गेल्यात. नातसुनेकडून वाचून घेते म्हणाल्या, अजून परत आलेली नाही. मागायचा धीर होत नाही. तेव्हा पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात पुस्तक मिळालं तर दोन प्रती आण. तुझी नोराही आण, मराठीत असेल तर. पुढच्या महिन्यात ती वाचू.

तुझी,
मावशी