त्सुरुओकाचे ताट

जपानच्या यामागाता प्रांतात समुद्राकाठी त्सुरुओका शहर आहे. शाकाहारी प्रवाशाची येथे पंचाईत होते. साध्या मिसो सूपमध्येही बहुधा सुक्या माशाचा अर्क असतो. ‘मासा नको’ एवढे सांगून भागत नाही, ‘अर्कही नको’ असे बजावावे लागते. जवळच्या हागुरो डोंगरावरील यात्रेकरूंच्या निवासांत मात्र रानभाज्या आणि तिळाच्या तोफूचे शाकाहारी ताट मिळते.

पण आपण पाहावे असे ताट निराळेच आहे. १८८९ साली येथील दाइतोकुजी या बौद्ध मठात भिक्षूंच्या शाळेने गरीब मुलांना मोफत जेवण दिले. त्यात भाताचे गोळे, खारवलेला मासा आणि लोणचे होते. जपानमधील शालेय भोजनाची ती सुरुवात मानतात. १९५४ साली त्याचा कायदा झाला, २००५ साली आहारशिक्षणाचाही. आज आहारतज्ज्ञ जेवण ठरवतात आणि मुले पांढरे अॅप्रन घालून एकमेकांना वाढतात. गरीब-श्रीमंत सर्वांना एकच जेवण! श्रीमंत देशांत लठ्ठ मुलांचे प्रमाण जपानमध्ये फार कमी आहे.

मूल लठ्ठ झाले की लोक आईकडे बोट दाखवतात. दिवसभर राबणाऱ्या माउलीने एकटीने हा भार का वाहावा? मुलाच्या ताटाला शाळा आणि सरकारही तितकेच जबाबदार आहेत, हे त्सुरुओकाकडून शिकावे.