बाटलीला विटाळ नाही

बिअर मला आवडते. आधीच लिहून टाकतो, म्हणजे कार्यकर्त्यांना शिव्या घालायच्या असतील तर आत्ताच घालून घ्या. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, हे मला पाठ आहे. विहारात पंचशील म्हणताना पाचव्या शीलाला माझा आवाज आपोआप खाली येतो. "बिअर म्हणजे काय दारू नाय," हे मी पण म्हणून बघितलंय. खोटं आहे. स्ट्राँगच्या बाटलीवर आठ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल छापलेलं असतं आणि बाटली 650 मिलीची. दोन मारल्या की देशीवाला आणि आपण एकाच गटारात.

स्ट्राँग मला आवडतही नाही. जरा कोमट झाली की गोडसर, किळसवाणी लागते. माइल्ड पाहिजे, आणि दात शिवशिवतील एवढी गार. मी खालापुरात पेपरमिलमध्ये कंत्राटी आहे. शिफ्ट सुटली तरी लगद्याचा वास नाकातून जात नाही. तो पहिल्या कडू घोटाला जातो.

पण बिअरची माझी ओळख त्याच्या कितीतरी आधीची. नेरळच्या आजूबाजूला फार्महाऊसं उठली. शनिवार-रविवार मुंबईची माणसं यायची, आणि सोमवारी सकाळी माझी आय गोणी घेऊन निघायची. मी मागनं. बाटल्यांच्या तळाला शिळी बिअर, त्यात मेलेल्या मुंग्या, सिगारेटची थोटकं. आय एकेक बाटली उलटी करून ओतायची. फुटक्या बाटलीनं हात कापायचा. भंगारवाला पैसे द्यायचा ते अख्ख्या बाटलीचे. गोणी डोक्यावर घेतली की राहिलेलं सगळं तिच्या मानेवर गळायचं. रस्त्यातल्या बायका पदर नाकाला लावायच्या. एकदा एक म्हणाली, "सकाळी सकाळीच पिऊन आली." माझ्या आयनं जन्मात थेंब घेतलेला नाही.

त्या बाटलीचं पुढं काय होतं ते मला फार उशिरा कळलं. भंगारातून ती परत बिअरच्या कारखान्यात जाते. आपल्या रायगडात तळोज्यालाच एक कारखाना आहे. बाटली धुतात, भरतात, नवं लेबल चिकटवतात. म्हणजे आयच्या हातची बाटली फिरून त्याच फार्महाऊसात, त्याच ओठांना. विटाळ कुणालाच झाला नाही.

मिलमधला माझा एक जोडीदार आहे. पगार झाला की खोपोलीत आम्ही बसायचो. एकाच बाटलीला तोंड लावायचो. "हितं जातबीत काय नाय रे भावा," तो म्हणायचा, डोळ्यांत पाणी आणून. मी त्यावर कविता पण केली. भिकार होती, फाडली.

मग गणपतीत त्यानं घरी नेलं. सगळ्यांना तांब्या-भांड्यातून पाणी. मला कागदी ग्लास. त्याची आई वाईट बाई नाही, हसून दिला. म्हणाली, "पाहुण्याला नवा ग्लास." तो टीव्हीकडं बघत राहिला. कागदी ग्लास, म्हणजे आमच्याच धंद्यातला माल!

बिअरमध्ये असतं काय? सातू, हॉप्सची फुलं, यीस्ट, आणि नव्वद टक्क्यांच्या वर पाणी. 2016 च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, तेव्हा औरंगाबादच्या बिअर कारखान्यांचं पाणी कमी करायला हायकोर्टाला सांगावं लागलं, इतकं पाणी. म्हणजे जोडीदारानं मला आजवर बादल्यांनी पाणी पाजलंय. फक्त बाटलीतनं. आणि 20 मार्च 1927 चं महाड आमच्याच जिल्ह्यात आहे.

परवा पगार झाला. खोपोली स्टेशनात तो म्हणाला, "बसायचं ना?"

मी म्हणालो, "बसू. पण तुझ्या घरी. आधी तुझ्या आईच्या हातचं पाणी पाज, तांब्यातलं. बाटली मी आणतो."

तो हसला. मग मोबाइल काढून गाडीचा टाइम बघायला लागला. गाडी तर समोरच उभी होती.