हो म्हणणाऱ्यांची नावं

लोकसभेत एखादा प्रस्ताव मताला टाकताना अध्यक्ष म्हणतात, अनुकूल असतील त्यांनी ‘हो’ म्हणावं, प्रतिकूल असतील त्यांनी ‘नाही’ म्हणावं. दोन्हीकडून आवाज उठतात. मग अध्यक्ष सांगतात, मला वाटतं ‘हो’वाले जास्त आहेत. कुणी हरकत घेतली नाही तर काम संपलं. हिंदीत याला ध्वनिमत म्हणतात, मराठीत आवाजी मतदान. आवाज कुणाकुणाचा होता, हे कुठेही लिहून ठेवलं जात नाही.

मी या वाटेला गेले ती पेन्शनपायी. महाराष्ट्राबाहेरच्या एका हिंदीभाषक शहरात एका खाजगी छापखान्यात मी एकतीस वर्षं मुद्रितं तपासली. शहराचं नाव सांगितलं तर खासदाराचं सांगितल्यासारखंच होईल, म्हणून ते राहू दे. आमची पेन्शन म्हणजे कर्मचारी पेन्शन योजना, १९९५. मालकाच्या वाट्यातून पगाराच्या ८.३३ टक्के रक्कम त्यात जाते, सरकार १.१६ टक्के घालतं. पण हा पगार म्हणजे हातात पडणारा नव्हे, मर्यादेत बसवलेला. मर्यादा २००१ पासून ६,५०० रुपये होती, सप्टेंबर २०१४ मध्ये ती १५,००० झाली. मी निवृत्त झाले २०१३ मध्ये. मला महिन्याला दोन हजारांच्या आत मिळतात. महागाई वाढते तशी ही पेन्शन वाढत नाही, कारण तिला महागाई भत्ताच नाही.

बाइंडिंग खात्यातल्या माझ्या मैत्रिणीला बरोबर १,००० मिळतात. किमान पेन्शन तेवढीच आहे, सप्टेंबर २०१४ पासून. त्याच्या आदल्या वर्षी राज्यसभेच्या याचिका समितीनं किमान ३,००० करा असं सुचवलं होतं. समितीचे अध्यक्ष भगतसिंह कोश्यारी, जे पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. बुलढाण्यात याच पेन्शनसाठी डिसेंबर २०१८ पासून साखळी उपोषण सुरू झालं. मागणी ७,५०० आणि महागाई भत्ता.

२०१९ च्या निवडणुकीत आमचे उमेदवार पेन्शनरांना भेटायला एका देवळाच्या सभागृहात आले. संसदेत तुमच्यासाठी उभा राहीन, म्हणाले. माणूस बोलायला चांगला, वागायलाही. निवडून आले. मी बाजारातून दोनशे पानी वही आणली आणि रकाने आखले: हजेरी, प्रश्न, भाषणं, मत. दर अधिवेशनानंतर मैत्रीण विचारायची, “दीदी, अपने वाले ने कुछ पूछा?”

हजेरीचा रकाना सगळ्यात आधी भरला आणि सगळ्यात आधी निकामी झाला. खासदारांनी नोंदवहीत सही केली की तेव्हा दिवस भरायचा. किती वेळ बसले, कशाच्या वेळी बसले, याचा त्या सहीशी संबंध नव्हता. मंत्र्यांना तर सहीच करावी लागत नाही, त्यामुळे सरकारात बसलेल्या माणसाची हजेरी या हिशेबात येतच नाही. आमच्या खासदारांच्या कार्यअहवालाच्या पहिल्याच पानावर मात्र हजेरीची टक्केवारी मोठ्या टायपात होती. छापखान्यातला अनुभव असा, की जे मोठ्या टायपात येतं ते वाचायला दोन सेकंद पुरतात.

प्रश्नांचा रकाना जास्त बोलका. लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न यादीत येतात. ते चिठ्ठ्या टाकून निवडले जातात. तारांकितातले जेमतेम पाच-सहा तोंडी निघतात, बाकीच्यांना कागदावर उत्तर मिळतं. मी आमच्या खासदारांचे सगळे प्रश्न वाचले. नुसते मोजले नाहीत, कारण मोजण्यानं काय होतं ते डिसेंबर २००५ मध्ये सगळ्यांनी पाहिलं आहे. पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल अकरा खासदारांना तेव्हा काढून टाकलं. त्यातले दोघे खानदेशातले, एक जळगावचे, एक एरंडोलचे. प्रश्नांच्या नुसत्या संख्येत मोफत विचारलेला आणि विकत घेतलेला प्रश्न सारखाच दिसतो.

वाचत गेलं की माणूस थोडाथोडा दिसायला लागतो. आमच्या खासदारांना रेल्वेचं मनापासून वाटतं. पुलाचा एक प्रश्न त्यांनी तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारला, आणि तिसऱ्या वेळी तो इतका नेमका होता की उत्तरात तारीख देण्यावाचून मंत्रालयाला गत्यंतर नव्हतं. पेन्शनचा प्रश्नही सापडला. एका अतारांकित प्रश्नावर पाच-सहा नावं होती, त्यात त्यांचं. उत्तर तेच होतं, जे त्याआधी दुसऱ्या राज्यांतल्या खासदारांना मिळालं होतं: फंडाच्या मूल्यमापनात तूट आहे, तरीही सरकार अर्थसंकल्पातून मदत देऊन किमान १,००० देतं. मी दोन उत्तरं शेजारी ठेवून ओळीनं ओळ ताडून पाहिली, जुन्या सवयीनं. एक स्वल्पविराम हलला होता.

मैत्रिणीला फोन करून सांगितलं की हो, विचारलं. तिला बरं वाटलं. उत्तर काय आलं ते तिनं विचारलं नाही.

चौथा रकाना मताचा. तो भरेचना. घटनादुरुस्ती असेल तर विशेष बहुमत लागतं, म्हणून तिथे मतं मोजावीच लागतात. सप्टेंबर २०२३ मध्ये महिला आरक्षणाच्या विधेयकाला लोकसभेत ४५४ अनुकूल आणि २ प्रतिकूल मतं पडली, आणि ते दोघे कोण हे सगळ्या देशाला ठाऊक आहे: हैदराबादचे असदुद्दीन ओवैसी आणि औरंगाबादचे इम्तियाज जलील. चुरस असली की विरोधक मतविभाजन मागतात. एप्रिल २०२५ मध्ये वक्फ विधेयकाला २८८ विरुद्ध २३२ मतं पडली. पण हे थोडं. बाकीचं बहुतेक सगळं आवाजावर जातं. सप्टेंबर २०२० मध्ये राज्यसभेत शेतीची विधेयकं मतविभाजनाची मागणी चालू असताना आवाजी मतदानानं मंजूर झाली. नोव्हेंबर २०२१ मध्ये तेच कायदे रद्द झाले, तेही दोन्ही सभागृहांत चर्चेविना आणि आवाजीच. कायदे आणणारे कोण आणि मागे घेणारे कोण, नावानिशी सांगता येत नाही.

महाराष्ट्रात तर सरकारच असं तरलं आहे. १२ नोव्हेंबर २०१४ ला विधानसभेत विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानानं संमत झाला. २८८ च्या सभागृहात सत्तारूढ पक्षाचे १२२ निवडून आलेले होते, बहुमताला १४५ लागत होते. उरलेला आवाज कुठल्या बाकांवरून आला, किंवा आलाच का, याची नोंद नाही. शिवसेना आणि काँग्रेस मतविभाजन मागत राहिले. त्याच सभागृहात ३० नोव्हेंबर २०१९ ला शिरगणती झाली. एकेका आमदारानं उभं राहून नाव आणि क्रमांक उच्चारला: १६९. ४ जुलै २०२२ ला पुन्हा तसंच, १६४ विरुद्ध ९९. मी दोन्ही वेळा दूरदर्शन संच लावून बसले होते. माणसं आपलं नाव घेताना कशी दिसतात ते पाहण्यासारखं असतं. काही जण नाव घाईनं आणि आकडा सावकाश म्हणत होते.

तरीसुद्धा नोंदलेलं मत त्या माणसाचंच असतं असं नाही. १९८५ मध्ये बावन्नाव्या घटनादुरुस्तीनं दहावं परिशिष्ट आलं. पक्षादेश मोडून मत दिलं किंवा मत द्यायचं टाळलं, आणि पक्षानं पंधरा दिवसांत ते माफ केलं नाही, तर सदस्यत्व जाऊ शकतं. हा कायदा पैशानं होणाऱ्या पक्षांतरासाठी आला, पण लागतो तो रेल्वेच्या आणि पेन्शनच्या मतालाही. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असं पडलं, तेव्हा सैफुद्दीन सोझ यांनी पक्षादेश झुगारून सरकारविरुद्ध मत दिलं. पक्षानं त्यांना काढलं. एका माणसाचं मत त्याच्या नावानं इतकं लख्ख दिसण्याचे प्रसंग आपल्याकडे बोटांवर मोजण्याइतके. आणि त्या दोन विरोधी मतांचं म्हणाल, तर ते दोघेही एकाच पक्षाचे होते.

आणि माझे पैसे? किमान पेन्शनसाठी अर्थसंकल्पातून जी मदत येते ती श्रम मंत्रालयाच्या अनुदान मागणीत असते. लोकसभेत चर्चेला मोजकीच मंत्रालयं निवडतात. ठरलेल्या दिवशी उरलेल्या सगळ्या मागण्या एकत्र मताला टाकतात, याला गिलोटिन म्हणतात. २३ मार्च २०२३ ला सुमारे ४५ लाख कोटी रुपयांच्या मागण्या गोंधळात, चर्चेविना मंजूर झाल्या. आवाजी मतदानानं. मैत्रिणीचे १,००० रुपये त्या आवाजात कुठेतरी होते, आणि ते १,००० च राहावेत याला ‘हो’ म्हणणारे आमचे खासदार होते की नव्हते, हे खुद्द त्यांनी सांगितल्याशिवाय कळायला मार्ग नाही.

म्हणून विचारायला गेले. मदतनीस मुलगा हसून म्हणाला, “माताजी, वहाँ तो सब हाँ ही बोलते हैं.” खासदार स्वतः बसा म्हणाले, चहा मागवला, वही हातात घेऊन उलटसुलट पाहिली. पुलाच्या प्रश्नाशी थांबले, खूश झाले. मताच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाले, “ये वाला आप पार्टी से पूछिए. सवाल मैंने लगाया था, वो देखिए.” मला त्यांचा राग आला नाही. इतकं सरळ कुणी बोलत नाही.

परत येताना मला मधु लिमये आठवले. पुण्यात जन्मलेला हा माणूस मुंगेर आणि बांका इथून, म्हणजे बिहारच्या मतांवर, लोकसभेत गेला, आणि नियमांवर बोट ठेवून त्यानं मंत्र्यांना घाम फोडला. आणीबाणीत सरकारनं लोकसभेची मुदत वाढवली तेव्हा ते तुरुंगात होते. लोकांनी लोकसभा पाच वर्षांसाठी निवडली, सहाव्यासाठी नाही, असं मानून त्यांनी १९७६ मध्ये राजीनामा दिला. शरद यादवांनीही दिला. माझ्या रकान्यांत हे कुठेच बसत नाही. हजेरी शून्य, प्रश्न शून्य, मत शून्य.

मग मी खासदारांना पत्र लिहिलं, हिंदीत, दोनदा तपासून. पक्षाविरुद्ध मत द्या असं त्यात म्हटलेलं नाही. लोकसभेच्या नियमांप्रमाणे आवाजी निकालावर कुणीही सदस्य हरकत घेऊन मतविभाजन मागू शकतो. अनाठायी वाटलं तर अध्यक्ष सदस्यांना जागेवर उभं करून मोजू शकतात, पण मागता येतं. श्रम मंत्रालयाची मागणी येईल त्या दिवशी उभं राहून तेवढं एकदा मागा, मग खुशाल ‘हो’ला मत द्या, असं लिहिलं. सोबत मैत्रिणीच्या पासबुकाच्या पानाची प्रत जोडली, तिच्या परवानगीनं, खाते क्रमांक काळा करून.

पंधरा दिवसांनी पोच आली. पत्र मिळालं, संबंधित मंत्रालयाकडे पाठवलं आहे. ‘पेन्शनर’ दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी लिहिलं होतं; एक खूण करून ठेवली. मैत्रिणीनं फोनवर विचारलं, “तो कब खड़े होंगे?” अर्थसंकल्पी अधिवेशन फेब्रुवारीत, गिलोटिन बहुधा मार्चमध्ये, मी तिला म्हटलं. ती म्हणाली, मग मार्चपर्यंत दूरदर्शन संच दुरुस्त करून घेते.