मी गाळलेली तारीख

विजय दिवसाच्या भाषणातून १० डिसेंबर १९७१ ही तारीख मी जाणूनबुजून गाळत असे. पांढुर्ण्याच्या शाळेत इतिहास शिकवायचो, त्यामुळे १६ डिसेंबरला बोलायचं काम माझ्याकडेच येई. ४ तारखेला आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर केलेला हल्ला मी रंगवून सांगे. ९ तारखेला आपली युद्धनौका ‘खुकरी’ बुडाली, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज न सोडता जहाजाबरोबरच गेले, हे सांगताना माझा आवाज भरून येई. तिथून मी थेट ढाक्याच्या शरणागतीवर यायचो. ९ तारखेच्या दुसऱ्याच दिवशी काय घडलं ते मला ठाऊक होतं, पण सांगायची लाज वाटायची.

घडलं ते असं. कोलकाता बंदराच्या दोन बोटी होत्या, ‘अजय’ आणि ‘अक्षय’. लढाईसाठी बांधलेल्या त्या नव्हत्या. १९७१ मध्ये त्यांच्यावर ४० मिलिमीटरच्या बोफोर्स तोफा बसवल्या, ‘पद्मा’ आणि ‘पलाश’ अशी नवी नावं दिली आणि त्या बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामात उतरल्या. त्यांच्यावर पाकिस्तानी नौदल सोडून आलेले बंगाली खलाशी होते. नोव्हेंबरात या बोटींनी मोंगला बंदराकडे जाणाऱ्या पशुर नदीत सुरुंग पेरले. डिसेंबरात भारतीय नौदलाची गस्ती नौका ‘पनवेल’ बरोबर घेऊन त्या निघाल्या. मोहिमेचे प्रमुख कमांडर मोहन सामंत, आपला मराठी माणूस, ‘करंज’ पाणबुडीचे पहिले कप्तान.

१० तारखेला सकाळी मोंगला हाती आलं आणि नौका खुलन्याकडे वळल्या. दुपारच्या सुमाराला डोक्यावर तीन नॅट विमानं दिसली. विमानं भारतीयच होती. सामंतांनी ती ओळखली, आणि गोळी चालवू नका असा हुकूम दिला. ओळख पटावी म्हणून बोटींना पिवळा रंगही दिलेला होता. तरी विमानं फिरून आली आणि त्यांनी हल्ला केला. ‘पद्मा’ पेटली, पाठोपाठ ‘पलाश’. वाचली ती ‘पनवेल’, आणि पाण्यात पडलेल्यांना तिनेच उचललं.

आपल्याच विमानांनी आपल्याच बाजूच्या बोटी बुडवल्या, हे पोरांना कसं सांगायचं? माझ्या मनात याहून वाईट एक विचार होता. शत्रूच्या हातून आलं तेच वीरमरण, बाकी सगळा अपघात, असं मी धरून चाललो होतो. तेव्हा मी ज्याला देशाची अब्रू राखणं म्हणत होतो, तो निव्वळ भित्रेपणा होता.

हा भित्रेपणा कुठून आला, ते मला घरातच सापडलं. माझं आजोळ जाम नदीपलीकडचं, सावरगावचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात आणि दोन्ही काठांवरून गोटमार, म्हणजे एकमेकांवर दगडफेक, होते. दोन्ही काठांवर सोयरेच असतात. माझ्या मामाचा डावा डोळा असाच गेला, आमच्या काठावरून आलेल्या गोट्याने. चंडीमातेचं भस्म लावलं, देवीची इच्छा म्हणाले आणि विषय संपला. आमच्या घरात त्यावर पुन्हा कोणी बोललं नाही. पुष्कळ वर्षांनी मी भीत भीत विचारलं, “मामा, गोटा कोणी मारला ते माहीत आहे का तुला?”

“मालूम आहे ना मले,” मामा म्हणाला. “पन तुमच्या घरी कोनी इचारलंच नाई. डोया गेला त्याचं जाऊ दे. गेला हेच कोनी बोलेना, त्याचं लागलं मले.”

त्याच सुमाराला सामंतांचं पुस्तक हाती आलं. संदीप उन्नीथन यांच्याबरोबर त्यांनी लिहिलेलं ‘ऑपरेशन एक्स’. सामंत २०१९ मध्ये गेले आणि पुस्तकही त्याच वर्षी आलं. ज्यांच्या डोळ्यांदेखत या बोटी जळाल्या, ज्यांच्या हुकुमामुळे तोफा गप्प राहिल्या, त्या माणसाने त्या दिवसावर पडदा टाकलेला नाही. आणि समुद्र शेकडो मैलांवर असलेल्या गावात बसून तो पडदा मी सांभाळत होतो. कोणाच्या वतीने?

मग मी ‘पलाश’च्या इंजिनखोलीपाशी अडकलो. तिथे रुहुल आमीन होते, नोआखालीचे, १९५३ पासून पाकिस्तानी नौदलात आणि १९७१ मध्ये ते सोडून आलेले. बोट सोडा असा हुकूम झाला, तरी ते इंजिनापासून हटेनात. या एका गोष्टीवर मी कितीतरी दिवस थांबलो. डेकखाली उभ्या माणसाला आभाळ दिसत नाही. विमान कोणाचं, चूक कोणाची, यातलं काहीच तिथे पोहोचत नाही. डिझेलचा धूर, तापलेलं लोखंड, कानठळ्या बसवणारा आवाज आणि एवढीच जाणीव, की हे बंद पडलं तर वरच्यांना बोट वळवता येणार नाही. बॉम्ब कोणी टाकला यावरून त्या माणसाचं मोल मी ठरवत होतो. त्याने काय केलं, हे मी पाहिलंच नव्हतं. शेवटी इंजिनखोलीवरच मारा झाला. जखमी आमीन रूपसा नदीत उतरून काठाला लागले आणि काठावर पाकिस्तानच्या बाजूच्या रझाकारांनी त्यांना ठार केलं.

बांगलादेशाचा वीरश्रेष्ठ हा सर्वोच्च सन्मान सात जणांना मिळाला. त्यात नौदलाचे एकटे रुहुल आमीन. त्या देशाला ते कोणाच्या माऱ्यात सापडले हे माहीत नव्हतं असं थोडंच आहे?

निवृत्त झाल्यावरही शाळा मला १६ डिसेंबरला बोलावते. आता मी ९ नंतर १० सांगतो, काही न लपवता. गेल्या वर्षी मामाला बरोबर नेलं होतं. पोरं गप्प बसून ऐकत होती. परतताना मामा म्हणाला, “सांगतलं ते बराबर. पन त्या इमानवाल्याईचं तू काईच नाई बोलला. माया डोयावर ज्यानं गोटा मारला ना, तो अजून नजर देत नाई मले. त्याच्याशीबी कोनी बोललं पायजे.”

यंदाचं भाषण लिहायला घेतलं आहे, आणि त्या तीन वैमानिकांपाशी येऊन थांबलो आहे.